मेगास्क्वर्ट-३ आणि १३बी रोटरी: दोन्ही प्लगचं टायमिंग पुलीवर तपासल्यानंतरचा रिव्ह्यू

हा रिव्ह्यू मेगास्क्वर्ट-३ या ईसीयूचा (इंजिनाचं इंधन आणि ठिणगी सांभाळणाऱ्या संगणकाचा) आणि त्याच्यासोबत वापरायच्या ट्यूनरस्टुडिओ या सॉफ्टवेअरचा आहे, पण एकाच कामापुरता. इंधनाचे टेबल, बूस्ट कंट्रोल, आयडल व्हॉल्व्ह यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचं आहे ते रोटरी इंजिनाचं (ज्यात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो) इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडावी ते, लावण्याबद्दल. माझ्याकडे मझदाची दुसऱ्या पिढीची आरएक्स-७ आहे, म्हणजे एफसी, आणि तिच्यात १३बी हे दोन रोटरचं टर्बो इंजिन. शाफ्टचा कोन सांगणारा मूळ क्रँक अँगल सेन्सर (यापुढे सीएएस) आणि मूळ कॉइल तशाच ठेवल्या, फक्त ईसीयू बदलला. त्यामुळे खाली जे आहे ते या जोडणीवरचं आहे.

माझं मत आधीच सांगते. रोटरीसाठी ईसीयू निवडताना त्यात किती फीचर्स आहेत हे नंतर बघा. आधी बघा की तो जो टायमिंगचा आकडा स्क्रीनवर दाखवतो, तो खरा आहे की नाही हे तपासायची किती साधनं तो तुमच्या हातात देतो. स्क्रीनवर १२ अंश लिहिलेलं असणं म्हणजे ईसीयूची तशी समजूत असणं, एवढंच. ठिणगी खरोखर कधी पडते ते शाफ्टवरची पुली आणि टायमिंग लाइट (प्रत्येक ठिणगीला चमकणारा दिवा) सांगते. मेगास्क्वर्ट-३ मला आवडला तो या तपासणीच्या साधनांसाठी.

पिस्टन इंजिनात टायमिंग चार-पाच अंश पुढे गेलं तर बहुतेक वेळा नॉकिंगचा आवाज येतो, आपण पाय काढतो, पुष्कळदा निभावतं. १३बी बूस्टखाली (टर्बोच्या दाबाखाली) असताना एवढी सवलत देत नाही. १९८६ नंतरच्या १३बीचं अॅपेक्स सील (रोटरच्या टोकावरची पट्टी) २ मिमी जाडीचं असतं. जोराचा एकच डेटोनेशनचा (मिश्रण स्फोटासारखं जळण्याचा) दणका त्याला तोडायला पुरतो, आणि तुटलेला तुकडा एक्झॉस्टमधून जाताना टर्बोची टर्बाइनही खराब करतो. म्हणून टायमिंग 'अंदाजे बरोबर' असून चालत नाही.

आता इंजिनाची रचना. रोटर एक फेरा मारतो तेव्हा एक्सेंट्रिक शाफ्टचे (रोटरीतल्या क्रँकशाफ्टचे) तीन फेरे होतात, आणि रोटरच्या तीन बाजू आहेत. म्हणजे शाफ्टच्या दर फेऱ्याला प्रत्येक रोटरमध्ये एक ज्वलन. दोन रोटर १८० अंशांवर असल्यामुळे शाफ्टच्या दर अर्ध्या फेऱ्याला कुठल्या तरी रोटरची पाळी. चार स्ट्रोकच्या पिस्टन इंजिनातली 'हा टीडीसी (टॉप डेड सेंटर, जागा सगळ्यात आकसलेली असण्याचा क्षण) कॉम्प्रेशनचा की एक्झॉस्टचा' ही भानगड इथे नाही. पण तिच्या जागी दुसरी आहे, तिच्याकडे येतेच.

ज्वलनाची जागा लांबट, चपटी आणि सरकती असते. एका प्लगची ज्योत तिच्या दोन्ही टोकांना वेळेत पोहोचत नाही, म्हणून एका हाउसिंगला दोन प्लग. खालचा लीडिंग, वरचा ट्रेलिंग. १९९१ साली ल मांस जिंकलेल्या मझदा ७८७बीच्या आर२६बी इंजिनात तर प्रत्येक रोटरला तीन प्लग होते. रस्त्यावरच्या १३बीमध्ये आधी लीडिंग पेटतो, काही अंशांनी ट्रेलिंग. या अंतराला स्प्लिट म्हणतात. ताकदीचं मोठं काम लीडिंग करतो. ट्रेलिंगची वायर काढली तरी गाडी चालते, लीडिंगची काढली तर लगेच कळतं. याचाच परिणाम असा की लोक लीडिंग नीट लावतात आणि ट्रेलिंगकडे बघतही नाहीत. धोका नेमका तिथे आहे.

खुणांचं बघू. एफसीच्या पुलीवर दोन खुणा असतात, पिवळी आणि लाल. पिवळी म्हणजे टीडीसी नव्हे. पिवळी खूण पिनसमोर (इंजिनावरच्या स्थिर खुणेसमोर) येते तेव्हा शाफ्ट टीडीसीच्या ५ अंश पुढे गेलेला असतो. ती लीडिंगची आयडलची खूण आहे. लाल खूण टीडीसीनंतर २० अंशांवर, ती ट्रेलिंगची. म्हणजे मूळ आयडलचं स्प्लिट १५ अंश, आणि ते पुलीवरच लिहून ठेवलेलं आहे. जो पिवळ्या खुणेला शून्य समजून ईसीयूचा ऑफसेट (सेन्सरचा सिग्नल आणि टीडीसी यांच्यातला कोन) लावेल, त्याचा अख्खा टेबल ५ अंशांनी चुकेल. नुसत्या नजरेला ५ अंश किरकोळ वाटतात, पण पुलीचा व्यास १५० मिमी धरला तर कडेवर ते साडेसहा मिलिमीटर होतात. एवढं अंतर पट्टीने मोजता येतं, आणि मोजावंच. फिरण्याच्या दिशेने पिवळ्या खुणेच्या पुढे ५ अंशांवर मी पांढऱ्या रंगाने टीडीसीची बारीक रेघ ओढली. पुली आफ्टरमार्केट असेल तर तिच्यावरच्या खुणा कुठल्या कोनाच्या आहेत हे आधी पक्कं करा. प्लगच्या भोकातून डायल गेज सोडून पिस्टनचा माथा शोधतात तसा सोपा उपाय रोटरीत नाही, त्यामुळे खुणेवर बरंच अवलंबून राहावं लागतं.

आता ईसीयू. मेगास्क्वर्ट-३ मध्ये रोटरीसाठी वेगळी सोय आहे आणि त्यात एफसीचा पर्यायही आहे. हा पर्याय महत्त्वाचा का, तर एफसीच्या मूळ ट्रेलिंग इग्नायटरला (कॉइल चालू-बंद करणाऱ्या भागाला) दोन वेगळे सिग्नल लागतात: एक 'आता पेटव' सांगणारा आणि दुसरा 'पुढचा रोटर की मागचा' सांगणारा. ज्या ईसीयूला ही निवडीची वायर चालवता येत नाही, त्याच्यासोबत ट्रेलिंगच्या कॉइल बदलाव्याच लागतात. इथे मूळ कॉइल तशाच राहिल्या. ट्रेलिंग स्प्लिटचा वेगळा टेबल मिळतो, आरपीएम आणि लोडप्रमाणे. उणे स्प्लिट, म्हणजे ट्रेलिंग आधी आणि लीडिंग नंतर, चालू द्यायचं की नाही याचा वेगळा पर्याय आहे. तो मी बंदच ठेवला आहे. टेबलात चुकून एखादा आकडा उणे पडला तर ईसीयूने तो पाळू नये, हे मला बूस्टवरच्या गाडीत फार मोलाचं वाटतं.

टायमिंग लावायच्या दिवशी भाचा लॅपटॉपवर होता आणि मी लाइट घेऊन पुलीपाशी. पहिलं काम इंजिन सुरू न करता. इंजेक्टरचा फ्यूज काढला, म्हणजे रोटरी पेट्रोलने भिजून फ्लड होणार नाही, आणि नुसतं स्टार्टरवर फिरवलं. ट्यूनरस्टुडिओत टूथ लॉगर आहे. सीएएसमध्ये २४ दात आणि २ दात अशी दोन चाकं असतात, सीएएस शाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो, आणि दोन्ही चाकांचे सिग्नल लॉगमध्ये उभ्या रेघांसारखे दिसतात. दातांच्या रेघा एकसारख्या उंचीच्या हव्यात. मध्येच एखादी दुप्पट उंच दिसली तर दात हुकला, अगदी बुटकी दिसली तर नॉइज. टायमिंग लाइट हातात घेण्याआधी हा लॉग स्वच्छ झालाच पाहिजे. दात मोजण्यातच गडबड असेल तर पुढचं सगळं वाळूवर बांधलेलं.

मेगास्क्वर्टच्या व्ही३.० बोर्डवर त्या सिग्नलसाठी आर५२ आणि आर५६ असे दोन छोटे पॉट (फिरवून बदलायचे रेझिस्टर) असतात, बारीक स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे. इथे मेगास्क्वर्टचा स्वभाव दिसतो. ही वस्तू स्वतः सोल्डरिंग करणाऱ्या लोकांसाठी जन्मली, आणि अजूनही ती तुमच्याकडून तेवढ्या सहभागाची अपेक्षा करते. सीएएसचे सेन्सर व्हीआर जातीचे आहेत, म्हणजे वेग वाढला की त्यांचा व्होल्टेज वाढतो, म्हणून पॉटची सेटिंग स्टार्टरच्या वेगालाही चालली पाहिजे आणि वरच्या आरपीएमलाही. ज्याला डबा लावून किल्ली फिरवायची आहे त्याने दुसरं काही बघावं, आणि तसं बघण्यात कमीपणा नाही. मला स्वतःला हे पॉट हाताशी असणं आवडतं, कारण सिग्नल कुठे बिघडतो ते कळतं.

लॉग स्वच्छ झाल्यावर फिक्स्ड टायमिंग. टेबल बाजूला ठेवून ईसीयू एकाच आकड्यावर ठिणगी देतो. मी शून्य निवडलं, कारण माझी पांढरी रेघ शून्याची होती, आणि मूळ आयडल उणे ५ (टीडीसीनंतर ५) असल्यामुळे शून्यावर १३बी आरामात चालते. ट्रिगर विझार्ड नावाची खिडकी उघडली की ऑफसेटचा आकडा कमी-जास्त करायची बटणं समोर येतात. लाइटचा क्लॅम्प एल१ च्या वायरवर, म्हणजे पुढच्या रोटरचा खालचा प्लग. क्लॅम्पवरचा बाण प्लगच्या दिशेला. पांढरी रेघ पिनच्या अलीकडे दिसत होती, भाच्याने ऑफसेट अर्ध्या-अर्ध्या अंशाने सरकवला आणि ती पिनसमोर आली. "मावशी, बर्न करू?" त्याने विचारलं, म्हणजे ईसीयूत कायमचं जतन करू का. मी थांबवलं, कारण या क्षणी काहीच सिद्ध झालेलं नसतं.

मघाशी म्हटलेली दुसरी भानगड ती हीच. एफसीमध्ये लीडिंगची कॉइल एकच असते आणि ती दोन्ही रोटरच्या लीडिंग प्लगना एकदम ठिणगी देते, शाफ्टच्या दर १८० अंशांना. त्यातली एक कामाची, एक वाया. म्हणून एल१ वर लाइट लावली की ती दर फेऱ्याला दोनदा चमकते. आता समजा ईसीयूचा सिंक (कुठल्या रोटरची पाळी आहे ही त्याची समजूत) बरोबर १८० अंशांनी उलटा आहे. लीडिंगवर काय फरक दिसेल? काहीच नाही. रेघ तशीच पिनसमोर येईल, इंजिन सुरू होईल, आयडललाही राहील. पण ट्रेलिंगच्या दोन कॉइल वेगळ्या आहेत, त्या ज्या रोटरला हवं त्याच्याऐवजी दुसऱ्याला ठिणगी देत असतील. लीडिंगची वाया गेलेली ठिणगी निरुपद्रवी असते. ट्रेलिंगची अवेळी पडलेली ठिणगी मागून येणाऱ्या ताज्या मिश्रणाला लागू शकते.

म्हणजे १८० अंशांची चूक लीडिंगवर कधीच दिसत नाही. ती फक्त टी१ वर, म्हणजे पुढच्या रोटरच्या ट्रेलिंग प्लगच्या वायरवर, दिसते. ज्या गाडीचं टायमिंग फक्त लीडिंगवर बघितलं आहे, तिचं टायमिंग बघितलेलंच नाही असं मी मानते.

म्हणून फिक्स्ड टायमिंग काढून टेबल चालू केला, आयडलच्या सगळ्या चौकटींत लीडिंग उणे ५ आणि स्प्लिट १५ भरलं, आणि क्लॅम्प टी१ वर हलवला. आकडे बरोबर असतील तर एल१ वर पिवळी खूण पिनसमोर यायला हवी आणि टी१ वर लाल. माझी दोन्ही वेळा आली. टी१ वर लाल खूण दिसलीच नाही आणि पुलीच्या पलीकडच्या अंगाला गेली, तर सिंक १८० अंशांनी उलटा आहे किंवा निवडीचा सिग्नल उलटा आहे. कारखान्याने रंगवलेल्या दोन रेघांनी इतकी पक्की उलटतपासणी करता येते, हे मला या इंजिनाचं फार सुंदर वाटतं. टी२ पण बघा. मागच्या रोटरच्या ट्रेलिंगवर खुणा पुलीच्या विरुद्ध बाजूला दिसणार, त्यासाठी लाल खुणेच्या समोरासमोर १८० अंशांवर एक ठिपका रंगवून ठेवला की झालं.

यानंतर आरपीएमची परीक्षा. परत फिक्स्ड टायमिंग, एल१ वर लाइट, आणि हळूहळू ३०००, मग ४५०० पर्यंत. खूण जागची हलता कामा नये. हलली तर ती कशी हलते यावरून दोष ओळखता येतो. वेग वाढेल तशी ठिणगी थोडी थोडी उशिरा पडत असेल तर सर्किटमधला विलंब. ट्यूनरस्टुडिओत त्यासाठी 'स्पार्क हार्डवेअर लेटन्सी' नावाची सेटिंग मायक्रोसेकंदांत आहे. हिशोब सरळ आहे: ६००० आरपीएमला शाफ्ट एका मिलिसेकंदात ३६ अंश फिरतो, म्हणजे १०० मायक्रोसेकंदांचा विलंब ३.६ अंश होतो. आयडलला, १००० आरपीएमवर, तोच विलंब अर्ध्या अंशाच्या आसपास, डोळ्याला कळणारही नाही. म्हणून आयडलला टायमिंग बघून बॉनेट बंद करणं मला मान्य नाही.

खूण जास्तच भटकत असेल तर सेन्सरच्या दोन वायर उलट जोडलेल्या असण्याची शक्यता आधी बघा. व्हीआर सेन्सरचा सिग्नल एका बाजूला तीव्र उतरतो, दुसऱ्या बाजूला लोळत जातो. ईसीयू चुकीच्या बाजूवर टेकला तर वेगाबरोबर कोन बदलत राहतो, आणि कितीही ऑफसेट दिला तरी फक्त एकाच आरपीएमला जुळतो.

आणि खूण वेगाबरोबर अॅडव्हान्सकडे, खूप झपाट्याने पळाली तर इंजिन लगेच बंद करा. ट्यूनरस्टुडिओत स्पार्क आउटपुट 'गोइंग हाय' की 'गोइंग लो' असा पर्याय आहे. तो उलटा असेल तर ड्वेल (कॉइल भरण्याचा वेळ) संपताना पडायची ठिणगी ड्वेल सुरू होताना पडते. ड्वेल ३ मिलिसेकंद धरा. १००० आरपीएमला तो १८ अंश, ३००० ला ५४ अंश. शिवाय कॉइल आणि इग्नायटर बहुतेक वेळ चालू राहून तापतात. ही सेटिंग इग्नायटरला वायर जोडण्याआधी दोनदा बघावी अशी आहे, आणि सॉफ्टवेअरही तिच्याबद्दल इशारा देतं.

माझ्या गाडीत आयडलला खूण किंचित थरथरते, साधारण एक अंश. ते ईसीयूमुळे नाही. सीएएस गिअरवर चालतो आणि गिअरच्या दातांमधली ढिलाई सिग्नलमध्ये येते. ज्यांना तेवढंही नको असेल ते पुलीमागे दातेरी चाक आणि वेगळा सेन्सर बसवतात. मेगास्क्वर्टला ते चालतं, मिसिंग टूथचे (मुद्दाम दात गाळलेल्या चाकांचे) बहुतेक नमुने तो वाचतो.

आता तक्रार, आणि ती ईसीयूची नाही, टायमिंग लाइटची आहे. नाव घेत नाही. डिजिटल, अॅडव्हान्सची चकती असलेली लाइट. अशा लाइट गृहीत धरतात की एका प्लगला शाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी मिळते. एफसीच्या लीडिंगवर दोन फेऱ्यांत चार मिळतात. परिणाम असा की इंजिन १००० वर असताना लाइटवर ४००० दिसतं, आणि चकती २० अंशांवर फिरवली तर प्रत्यक्षात ५ अंशांचाच फरक पडतो. ट्रेलिंगवर तीच चकती १० अंशांचा फरक देते. बॉक्सवर किंवा माहितीपत्रकात याबद्दल अवाक्षर नव्हतं. वरच्या आरपीएमला ती लाइट मध्येमध्ये चमकणं चुकवायची, कारण ३००० आरपीएमला लीडिंगवर तिला मिनिटाला ६००० वेळा चमकायला लागतं. रोटरीसाठी साधी, बिनचकतीची इंडक्टिव्ह लाइट घ्या. चकती असलेलीच असेल तर ती शून्यावर ठेवून विसरून जा आणि कोन पुलीवर रंगवून घ्या. एका कॉइलच्या दोन टोकांची ध्रुवता उलट असते, त्यामुळे एखाद्या वायरवर लाइट अडखळली तर क्लॅम्प उलटा करून बघा.

ट्यूनरस्टुडिओबद्दल बाकी थोडकंच. टेबलात हातोहात बदल करता येतो, पण बर्न केल्याशिवाय तो कायमचा होत नाही, आणि टायमिंगच्या कामात हे मला बरं वाटतं. मेगास्क्वर्ट-३ एसडी कार्डवर लॉग ठेवतो, त्यामुळे लॅपटॉप न नेता चालवून आल्यावर लीडिंग, स्प्लिट आणि बूस्ट एकत्र वाचता येतं. शब्द आणि खिडक्या भरपूर आहेत, रोटरीच्या सेटिंग इग्निशनच्या आत एका कोपऱ्यात आहेत, आणि पहिल्यांदा उघडणाऱ्याला शोधावं लागतं.

बूस्टखाली मी स्वतः सावध आकडे ठेवले आहेत: जसजसा दाब वाढतो तसं लीडिंग मागे घेतलेलं, आणि स्प्लिट १० च्या खाली कुठेच नाही. आयडल आणि हलक्या लोडला १५. कमी स्प्लिटने ताकद थोडी मिळते, पण मला ती नको आहे. प्लग मूळच्यापेक्षा गरम घालू नका. तिसऱ्या पिढीच्या एफडीत कारखान्यानेच लीडिंगला ७ आणि ट्रेलिंगला ९ हीट रेंज दिली होती, म्हणजे ट्रेलिंगला थंड प्लग, ते उगाच नाही.

टायमिंग फार मागे घेणं म्हणजे सुरक्षित, असंही नाही. रोटरीचा एक्झॉस्ट मुळातच गरम असतो, आणि उशिरा पडलेली ठिणगी तो आणखी तापवते. टर्बोच्या आधी तापमानाचा सेन्सर असेल तर त्याचा आकडा स्प्लिटच्या शेजारी लॉगमध्ये लावून वाचा.

ऑफसेटचा अंतिम आकडा मी ईसीयूच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागदाच्या चिकटपट्टीवर लिहून ठेवला आहे, खाली फर्मवेअरचं व्हर्जन. सीएएस काढून परत बसवला तर त्या आकड्यावर विसंबायचं नाही, कारण तो बसवताना एक दात इकडेतिकडे होऊ शकतो. मग पुन्हा स्टार्टरवर लॉग, एल१, टी१, टी२, आणि ४५०० पर्यंतची परीक्षा.